आखाजीला ये, आधारकार्ड घेऊन ये

आखाजी पंधरा दिवसांवर आली की माझा फोन वाजायला लागतो. पलीकडं कुणीतरी बाई असते, आवाज खालचा, मागं भांड्यांचा नाहीतर नळाचा आवाज, आणि विचारणं जवळपास तेच. "ताई, भावाचा फोन आलता. आखाजीला ये म्हणतो. येताना आधारकार्ड घेऊन ये म्हणतो. कायले हो?"

कायले म्हणजे! आमरस खायला आधारकार्ड लागतं काय?

आमच्या खानदेशात लेकी माहेरी येतात त्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. दिवाळीला नाही आली तर चालून जातं, पण आखाजीला लेक आली नाही तर सगळी गल्ली विचारते. लिंबाला झोके बांधलेले असतात, गौराईची गाणी चालतात, खापरावर पोळ्या होतात, रसाची पातेली भरतात. सणाची सुट्टी एका दिवसाची. दुसऱ्या दिवशी तालुक्याची कचेरी उघडते आणि भाऊ गाडी बाहेर काढतो. वडिलांच्या जमिनीतला आपला हिस्सा बहिणीनं भावासाठी सोडून द्यायचा, त्या कागदाला हक्कसोडपत्र म्हणतात. सही करा, अंगठा ठेवा, कॅमेऱ्याकडं बघा, झालं. अर्ध्या तासात बाई परत रिकाम्या हातानं गाडीत बसते, घरी गेल्यावर तिला साडी मिळते, आणि तिला आनंद होतो. खरंच होतो, मी पाहिलाय.

फोनवरच्या बाईला मी सांगते, जा, पोटभर रस खा, झोका खेळ, आणि आधारकार्ड घरी विसर. तेवढ्यानं एक वर्ष मिळतं. मग निवांत बसून बोलू. यावरून सावद्यापासून रावेरपर्यंत काही माणसं मला घरफोडी म्हणतात. म्हणोत. माझ्या तोंडावर म्हणायची अजून एकाची हिंमत झालेली नाही.

पण मी काही पहिल्यापासून शहाणी नव्हते. मी स्वतः एक सही काढून घेतलेली आहे. आणि फार नीट काढली होती.

माझं सासर सावद्याच्या बाजूला, केळीवाल्यांच्या गावात. माहेर भडगावकडं, गिरणाकाठी. सासरे वारले तेव्हा त्यांच्या मागे आठ एकर बागाईत आणि दोन लेकरं. सासूबाई आधीच गेलेल्या. धाकटा माझा नवरा. थोरली माझी नणंद, तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. अक्का दिलेली धुळे जिल्ह्यात, पिंपळनेरला. तिचे यजमान तिकडं एका खासगी शाळेत शिक्षक होते, भाड्याच्या दोन खोल्या, एक मुलगी. सासऱ्यांच्या मागे वारस नोंद झाली आणि सातबाऱ्यावर दोन नावं आली, माझ्या नवऱ्याचं आणि अक्काचं. नवऱ्यानं तो उतारा आणून माझ्यासमोर ठेवला. बोलला काही नाही. नुसता ठेवला आणि चहा प्यायला लागला.

आता इथली एक रीत सांगते, कारण सगळी मेख तिच्यातच आहे. भाऊ बहिणीकडं हिस्सा कधीच मागत नाही. तसं मागणं त्याला शोभत नाही. ते काम वहिनीचं. वहिनीनं स्वैपाकघरात, पोळी लाटता लाटता, दुसरंच काहीतरी बोलता बोलता विषय काढायचा. बहीण हो म्हणाली की भावाला सांगायचं, आणि भावानं "अरे, तिला कशाला त्रास दिला" असं म्हणून गाडीत पेट्रोल भरायचं. त्यामुळं उद्या कुणी विचारलं तर भाऊ छातीवर हात ठेवून सांगू शकतो, मी तर शब्दानं बोललो नाही, तिनंच आपखुशीनं दिलं. आणि तो खोटं बोलत नसतो! केवढी सोय!

त्या आखाजीला अक्का आली. मी आदल्या दिवसापासून राबत होते. खापर चुलीवर चढवलं होतं, मनगटापासून कोपरापर्यंत पोळी पसरायची आणि अलगद खापरावर टाकायची, मला ती कला चांगली येते. अक्का माझ्याशेजारी पाटावर बसून आंबे पिळत होती. मी म्हटलं, "अक्का, ते कागदाचं तेवढं उरकून टाकू या का? उद्या तुमचे भाऊ म्हातारे होतील, तुम्ही लांब, दर वेळी सहीला कुठं धावणार?" ती हसली. "मले काय करायचं शेताचं? तिकडून मी काय केळी कापायले येणार हाय?" मग थोडा वेळ आंबा पिळत राहिली आणि म्हणाली, "सही केली म्हणजे मग इथलं माझं काही नाही ना राहत?"

मी पोळी उलटली आणि म्हटलं, "असं काय बोलता अक्का! सही केली म्हणून काय माहेर तुटतं? हे घर तुमचंच आहे."

हे वाक्य मी कुठून आणलं देव जाणे. पण जिभेवर तयार होतं. अक्काचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी तिनं सही केली. कचेरीतल्या साहेबांनी रीतसर विचारलं, बाई, समजून उमजून करताय ना, कुणाचा दबाव नाही ना. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "कुणाचाच नाही." घरी येऊन मी तिची ओटी भरली, हिरवी साडी, खण, नारळ. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, सून असावी तर अशी, ब्र न काढता सगळं जुळवून आणलं. मला अभिमान वाटला. खोटं कशाला लिहू, चांगला वीतभर वाटला.

पुढच्या तिसऱ्या वर्षी अक्काचे यजमान गेले. शाळा अशी होती की निवृत्तिवेतन वगैरे काही नाही. मुलगी सुरतेला, तिच्या घरी सासू, दीर, दीड खोली. वर्षभर अक्कानं पिंपळनेरला कुणाच्या घरी स्वैपाक कर, कुणाचे पापड लाट, असं करून भाडं भरलं. मग गुडघे गेले. माझा नवरा जाऊन तिला घेऊन आला. दोन पिशव्या, एक देव्हारा, आणि कुंडीतली तुळस. मी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि म्हटलं, "या अक्का, घर तुमचंच आहे." दुसऱ्यांदा म्हटलं मी ते.

पहिला महिना ती पाहुणी होती. दुसऱ्या महिन्यात ती माझ्याआधी उठून चहा टाकायला लागली. मला बरं वाटलं. तिसऱ्या महिन्यात भांडी. मी "राहू द्या हो" म्हणायचे आणि ती घासायची, आणि मी राहू द्यायचे. ती दूध कमी घ्यायला लागली हे मला दिसत होतं. टीव्हीवर काय लावायचं हे ती कधी बोलली नाही. औषध संपलं तर दोन दिवस सांगायची नाही. ज्या घरात ती जन्मली, त्या घरात ती पाय न वाजवता चालायला शिकली, आणि मला वाटत होतं की अक्काचा स्वभावच मेला गरीब.

मग ते केळ्यांचं झालं.

बाहेरच्या माणसाला हे समजावं म्हणून सांगते. आमच्या गावात केळं कुणी मागत नाही. केळं ही मागायची वस्तूच नाही. कापणी चालू असली की ट्रकवर ट्रक भरतात, बारीक माल बांधावर टाकतात, गुरं खातात. प्रत्येकाच्या ओसरीत एक घड पिकायला टांगलेला असतो. शाळेतून येणारी पोरं, टपालवाला, चुकून पत्ता विचारायला आलेला माणूस, जो येईल तो हात वर करून तोडतो आणि खात खात पुढं जातो. कुणाला विचारलं तर आम्हालाच लाज वाटेल.

आमच्या मळ्यात त्या दिवशी कापणी होती. मी ओसरीत बसून मजुरांच्या चहाचे ग्लास पुसत होते. अक्का आतून आली, घडाखाली उभी राहिली आणि मला म्हणाली, "अगं, दोन केळी घेऊ का? उपास हाय."

माझ्या हातातला ग्लास तसाच राहिला. बासष्ट वर्षांची बाई, जिच्या बापानं ही जमीन दगड वेचून वेचून बागाईत केली, जिनं लहानपणी त्याच मळ्यात पाट फोडले, ती माझ्याकडं, भडगावाहून आलेल्या माझ्याकडं, दोन केळी मागत होती! आणि मी हो म्हणेपर्यंत तिनं हात वर केला नव्हता. मला कुणी थोबाडीत मारली असती तर इतकं लागलं नसतं. मी काहीतरी म्हटलं, घ्या ना, विचारता काय, असलं काहीतरी. आत गेले आणि रडले. रागानं रडले, आणि राग कुणाचा ते मला त्या दिवशी अजून नीट कळलं नव्हतं.

कळायला माझ्याच माहेरचा फोन यावा लागला. त्याच वर्षी माझे वडील गेले होते. आखाजीच्या आधी भावाचा फोन. "बठ्ठं तयार शे, तू फक्त ये. आनि हां, आधारकार्ड ली ये." मी गेले. आणि काय सांगू, भडगावच्या त्या स्वैपाकघरात माझी भावजय खापरावर पोळी टाकता टाकता मला म्हणाली, "ताई, तुमले काय कमी शे? सही करी म्हनीसन माहेर तुटस का? हाई घर तुमनंच शे."

माझंच वाक्य! फक्त अहिराणीत. मला आधी हसूच आलं, खरं सांगते, खो खो हसले. भावजय घाबरली. तिला वाटलं बापाच्या दुःखानं बाईचं डोकं फिरलं. मी म्हटलं, "घर मनंच शे ना? मग ऱ्हाऊ दे ना मनं नाव तठे."

मग जे व्हायचं ते झालं. भाऊ जेवला नाही. काका आले, त्यांनी बापाच्या फोटोकडं बोट दाखवून त्याच्या आत्म्याला काय वाटेल ते सांगितलं. मी म्हटलं, वडिलांच्या आत्म्याला दोन लेकरं आहेत हे ठाऊक आहे. भाऊ म्हणाला, मंग भाऊबीजले येऊ नको. मी म्हटलं, येणार, आणि ताट घेऊन येणार, तू दार लाव. (त्यानं दार लावलं नाही. पहिल्या वर्षी तोंड फिरवून ओवाळून घेतलं, दुसऱ्या वर्षी सरळ बसला.) सही न करता मी बसमध्ये बसले आणि माझ्या मनाला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. मला वाटलं चिडेल. छे! खूश झाला. "बरं केलंस. हक्काचं कशाला सोडायचं?" असं म्हणाला आणि दोनदा म्हणाला. आतल्या खोलीत अक्का गहू निवडत होती. तिला ते ऐकू गेलं असणार, आमच्या घराच्या भिंती काही एवढ्या जाड नाहीत.

इथं माझ्या डोक्यात लगेच उजेड पडायला हवा होता. पडला नाही. मी काय केलं, तर पुढारी झाले. आमच्या बचत गटात बोलायला लागले, मग शेजारच्या गावच्या गटात, मग सावद्यात. मला बोलता येतं, आवाज खणखणीत आहे, माइक नसला तरी चालतं. मी विचारायचे, इथं शेतात किती जणी राबतात? सगळे हात वर. सातबाऱ्यावर नाव कितीजणींचं? सगळे हात खाली. मी म्हणायचे, बायांनो, जमीन कसायची आपण, आणि वाटणीच्या वेळी आपल्याला साडी? मालक म्हणून एकाचं नाव, आणि बाकी सगळ्यांनी त्याच्या मर्जीवर जेवायचं? टाळ्या पडायच्या. आणि टाळ्या गोड लागतात, मला तरी लागल्या. चार बायकांनी त्या वर्षी सही दिली नाही. माझी कॉलर ताठ.

अशाच एका बैठकीत, मी रंगात आलेली, मागं बसलेली एक म्हातारी उठली. आमच्याच गावची. सुरकुतलेलं तोंड, हातात विळा, निंदणीवरून तशीच आलेली. म्हणाली, "बाई, तू बोलती लय भारी. पण तुह्या नणंदेचं काय झालं ते सांग ना आधी. ती तं तुह्या घरी भांडे घासते."

कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. मी पाणी मागितलं. बैठक कशी संपवली आठवत नाही. घरी चालत आले, दोन किलोमीटर, आणि अख्ख्या रस्त्यात त्या म्हातारीला मनातल्या मनात शिव्या दिल्या. घर आलं तेव्हा शिव्या संपल्या होत्या आणि ती खरं बोलली एवढंच उरलं होतं.

माहेरचा हिस्सा राखताना मी जी न्यायाची भाषा केली ती फुकटची होती. तिच्यात माझं जाणारं काही नव्हतं, येणारंच होतं. न्याय माझ्या घरातून बाहेर जायला निघाला तेव्हा मी त्याला दार उघडलं नव्हतं. आणि हे मला कळत नव्हतं असंही नाही. मी त्या बाजूला बघत नव्हते, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा जेवून सुपारी कातरत बसला होता. मी समोर बसले. म्हटलं, "अहो, अक्कांचा हिस्सा परत त्यांच्या नावावर करायचाय."

त्यानं अडकित्ता खाली ठेवला. "तिनं सही दिलीय."

"मी घेतलीय. कशी घेतली ते मला ठाऊक आहे."

"कायद्यानं झालंय सगळं. आता उलटं होत नाही."

"हक्कसोड उलटत नाही. पण बक्षीसपत्र करून देता येतं. मी विचारून आलेय."

मग तो भडकला. पोराला काय ठेवू? आठातले चार गेले तर बोअरचं कर्ज कशावर फेडू? गावात तोंड कसं दाखवू, बायकोच्या नादानं जमीन वाटली म्हणतील. आणि तिला कमी काय आहे इथं? दोन वेळचं जेवतेय, औषधपाणी होतंय, कुणी एक शब्द बोलतं का तिला? मी हे सगळं ऐकून घेतलं. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, बोअर खरंच चारशे फूट जाऊन कोरडी निघाली होती. पण माझं डोकं तापलेलं होतं आणि तापलेलं असलं की मला नेमकं सुचतं.

मी म्हटलं, "ठीक आहे. द्यायचं नाही ना? मग उठा, आत जा, आणि अक्कांना तोंडानं सांगा. म्हणा, अक्का, मी तुझा हिस्सा घेतला आणि आता देणार नाही. घेताना मला पुढं केलंत. मी बोलले, मी पोळ्या लाटल्या, मी ओटी भरली, तुम्ही फक्त गाडी चालवली. आता 'नाही' तरी तुमच्या तोंडानं म्हणा. मी नाही सांगणार. तुम्ही जाऊन सांगा, मी परत हा विषय काढला तर माझं नाव बदला."

सुपारीचे तुकडे त्याच्या तळहातावर तसेच. मी उठले नाही. माणूस वाईट नाही हो माझा. आयुष्यभर कुणी त्याला स्वतः मागायला लावलं नव्हतं आणि स्वतः नाही म्हणायलाही लावलं नव्हतं. मधे कायम एक बाई होती, आधी आई, मग मी.

शेवटी उठला. अक्का मागच्या पडवीत मेथी निवडत होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. मी दारात उभी राहिले, लपूनछपून नाही, सरळ दारात. त्यानं दोनदा घसा खाकरला. अक्कानं मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि त्याच्याकडं बघत राहिली. लहानपणी तिनंच त्याला कडेवर फिरवलेला. त्याला 'नाही' म्हणायचं होतं, ते मला पक्कं ठाऊक होतं, तो तेवढ्यासाठीच उठला होता. पण तिच्या तोंडाकडं बघून ते त्याला जमेना. मग तो खाली बघत म्हणाला, "अक्का, ते शेताचं... तुले किती पाह्यजे?"

मला वाटलं ती म्हणेल, मला काही नको रे. किंवा म्हणेल, तू देशील तेवढं. अशा वेळी आपल्याकडच्या बायका हेच म्हणतात, आणि नवऱ्यालाही तीच आशा होती. फार तर विहिरीकडचा एखादा एकर.

अक्का म्हणाली, "निम्मं."

एवढंच. आवाज चढवला नाही, पदर डोळ्याला लावला नाही. मेथी परत पुढं ओढली आणि म्हणाली, "आबाले आपण दोन लेकरं होतो. निम्मंच होते ना."

सहीनंतरच्या सहा वर्षांत पहिल्यांदा त्या बाईनं माझ्याकडं न बघता काहीतरी मागितलं होतं. मला तिचा हेवा वाटला. मला आपलं वाटत होतं की या घरात बोलता येणारी मी एकटीच.

बक्षीसपत्र झालं. भानगडी पुष्कळ झाल्या, दोन फेऱ्या फुकट गेल्या, एकदा साक्षीदार आलाच नाही, त्याला घरून दम मिळाला होता. चुलत सासऱ्यांनी आमच्याकडं येणं बंद केलं. पण फेरफार लागला आणि सातबाऱ्यावर अक्काचं नाव चढलं, चार एकर. तिनं शेत नवऱ्यालाच बटाईनं कसायला दिलं, पण अर्ध्या वाट्यानं, आणि कापणीला स्वतः बांधावर खुर्ची टाकून बसायची. व्यापारी तिला आधी आजीबाई म्हणायचे, मग शेठाणीबाई म्हणायला लागले. आमच्याच घराला लागून तिनं दोन खोल्या काढल्या, वेगळी चूल मांडली. मला ते लागलं. मी म्हटलं, अक्का, आता कशाला वेगळं? ती म्हणाली, "आता पाहुणी म्हणून येत जाईन ना तुह्याकडं." आणि आली की पाहुणीसारखी बसते, दोनदा चहा मागते, साखर कमी पडली की सांगते.

मी मात्र परत बोलायला लागले, आणि आता माझ्याकडं सांगायला गोष्ट होती. त्या म्हातारीच्या गावात, म्हणजे आमच्याच गावात, देवळाच्या सभामंडपात बायकांची मोठी बैठक झाली. चाळीसेक जणी तर सहज असतील. काही पुरुषही खांबाला टेकून उभे होते, कोण काय म्हणतं ते ऐकायला. अक्काला मी आग्रहानं पुढं बसवलं होतं. मी जोरात होते. म्हटलं, "मी नुसती सांगत नाही, करून बसलेय. मी माझ्या नणंदेला चार एकर दिले!"

टाळ्या झाल्या. त्या थांबायच्या आत अक्का उठायला लागली. गुडघ्यावर हात टेकून, हळूहळू. मला वाटलं आभार मानते की काय, मी चक्क लाजले.

ती बायकांकडं तोंड करून म्हणाली, "हिनं मले काही दिलं नाही. माझं होतं, ते माझ्याकडं आलं." मग माझ्याकडं वळली. राग नव्हता तिच्या तोंडावर, माया होती, आणि म्हणूनच मला कुठं बघावं कळेना. "आणि मधले सहा वर्षं नाही आले," ती म्हणाली. आणि खाली बसली.

अक्काचं खरं होतं. सहा वर्षांच्या केळीवर आमच्या घराचा वरचा मजला चढला होता. त्याच वर्षांत ती पिंपळनेरला परक्यांचे पापड लाटत होती आणि नंतर माझी भांडी घासत होती. मी ती बैठक पुढं नेली नाही. तिथं जमलेल्या बायकांना म्हटलं, अक्का बोलल्या ते बरोबर आहे, मी चुकले, आता तुमचे प्रश्न अक्कांनाच विचारा. त्यांनी विचारले. एक तास ती बोलली, मी शेजारी बसून ऐकत होते.

घरी आले तेव्हा नवरा वरच्या मजल्यावरून उतरत होता. मी चपलाही काढल्या नव्हत्या.

"अहो, मधली सहा वर्षं द्यायची राहिलीत."

त्यानं कठड्याला हात धरला. "चार एकर तर दिले ना? आता अजून काय?"

"चार एकर त्यांचेच होते," मी म्हटलं. "द्यायला तर आपण आता सुरुवात करायचीय."

तो खाली आला, चपला घातल्या, आणि मला न सांगता अक्काच्या दारात जाऊन उभा राहिला. या वेळी मी बरोबर गेले नाही.